छापून आलेल्या संशोधनाच्या पेपरमध्ये गडबड सापडली, तर पुढे काय होतं?

समासटीप

एखादा पेपर मागे घेतला गेल्याची बातमी आली की प्रतिक्रिया ठरलेल्या. लेखक लबाड होता, नाहीतर तो छापणारं संशोधन-नियतकालिक, म्हणजे जर्नलच भिकार होतं. प्रत्यक्षात मागे घेतलेल्या पेपरांत प्रामाणिक चुकाही बऱ्याच असतात, आणि लबाडी ढळढळीत दिसत असूनही वर्षानुवर्षं जागचे न हललेले पेपरही कमी नाहीत. ही यंत्रणा आतून कशी चालते यावर एकत्र माहिती असावी म्हणून हा धागा.

आधी एक गैरसमज दूर करू. जर्नल म्हणजे कोर्ट नव्हे. संपादकाला प्रयोगशाळेतल्या वह्या जप्त करता येत नाहीत, हार्ड डिस्क उघडता येत नाही, कोणाचा जबाब घेता येत नाही. ते काम लेखकाच्या संस्थेचं. संपादकापुढे प्रश्न एकच असतो: छापलेल्या निष्कर्षांवर अजून विसंबता येतं का? १९९७ साली ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी 'कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स' सुरू केली. तिला सगळे 'कोप' म्हणतात. तिचे फ्लोचार्ट आज बहुतेक मोठे प्रकाशक वापरतात आणि त्यांचा सगळा रोख याच प्रश्नावर आहे.

संपादकाच्या हातात हत्यारं चार.

दुरुस्ती: चूक आहे, पण निष्कर्ष टिकतो. तक्त्यातला आकडा, चुकीची आकृती, राहून गेलेला निधीचा उल्लेख.

चिंतेची सूचना, म्हणजे 'एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न': शंका गंभीर आहे पण चौकशी पूर्ण झालेली नाही, किंवा होईल असं दिसत नाही. ही तात्पुरती असायला हवी. अनेकदा तीच कायमची होऊन बसते.

माघार, म्हणजे रिट्रॅक्शन: निष्कर्षांवर विसंबता येत नाही. कारण लबाडी असो वा चूक. शिवाय वाङ्मयचौर्य, तेच काम दोनदा छापणं, नैतिक परवानगीविना केलेलं संशोधन, बनावट समीक्षा (छापण्याआधी इतर तज्ज्ञांनी पेपर तपासल्याचं नाटक), ही कारणंही यातच मोडतात.

काढून टाकणं: अगदी क्वचित. रुग्णाची ओळख उघड झाली, कोर्टाचा हुकूम आला किंवा मजकुरामुळे कोणाच्या जिवाला धोका असेल तरच.

मागे घेतलेला पेपर गायब होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तो जागेवरच राहतो, पीडीएफच्या प्रत्येक पानावर आडवा शिक्का बसतो, शीर्षकाआधी तसा शब्द लागतो. सूचनेला स्वतःचा वेगळा डीओआय, म्हणजे कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, मिळतो आणि ती वर्गणी न भरताही वाचता आली पाहिजे. मागे कोण घेतंय (लेखक, संपादक की प्रकाशक) आणि का, या दोन गोष्टी तिच्यात स्पष्ट हव्यात. 'लेखकांच्या विनंतीवरून मागे घेण्यात येत आहे' एवढ्याच एका ओळीची सूचना दिसली की समजावं, कोणीतरी वकिलाला विचारून लिहिलंय.

वेगाचं गणित विचित्र आहे. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा, १२ मुलांवरचा, लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला पेपर १९९८ चा. २००४ मध्ये १० सहलेखकांनी त्यातल्या अर्थनिर्णयापासून अंग काढून घेतलं. पूर्ण माघार फेब्रुवारी २०१० मध्ये. उलट सर्जिस्फिअर कंपनीच्या डेटावर आधारलेला हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा पेपर त्याच लॅन्सेटमध्ये २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे गेला. ९६,००० हून अधिक रुग्ण, ६७१ रुग्णालयं, असा दावा होता. स्वतंत्र तपासनिसांना मूळ डेटा मिळेना, तेव्हा चारपैकी तीन लेखकांनी स्वतःच माघार मागितली. तेरा दिवस! फरक कशाचा? दुसऱ्या प्रकरणात 'लबाडी झाली का' हे ठरवायची गरजच पडली नाही. डेटा दाखवता येत नाही, एवढं पुरलं.

---

करडा_पट्टा

चांगला धागा. प्रतिमांबद्दल मी लिहिते, कारण तक्रारींचा मोठा वाटा तिथून येतो.

जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीने २००२ पासून स्वीकारलेल्या पेपरांतल्या आकृत्या छापण्याआधी तपासायला सुरुवात केली. त्यांनी घालून दिलेले नियम आज जवळपास सगळीकडे आहेत. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बदलायचा तर संपूर्ण प्रतिमेवर, सारखाच, आणि फिकट पट्टे दिसेनासे होतील इतका नाही. एखादाच भाग उजळणं, झाकणं, हलवणं, घुसडणं चालणार नाही. वेगळ्या जेलवरचे (जेलमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी होऊन पट्टे बनतात, एकेका नमुन्याच्या रांगेला लेन म्हणतात) किंवा मधल्या लेन गाळून जोडलेले तुकडे शेजारी ठेवायचे असतील तर सांध्यावर रेघ दिसली पाहिजे आणि आकृतीखाली तसं लिहिलं पाहिजे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (हे पट्टे मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवून प्रथिन ओळखण्याची पद्धत) लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळ्या लेनमध्ये सारखंच प्रथिन भरलं होतं हे दाखवणारा पट्टा, त्याच मेम्ब्रेनवरचा हवा. दुसऱ्या दिवशीच्या ब्लॉटवरचा अॅक्टिन या प्रथिनाचा सुरेख पट्टा आणून लावला तर तो कंट्रोल उरत नाही, शोभेची पट्टी होते.

२०१६ मध्ये एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी ४० जर्नलांतले २०,६२१ पेपर डोळ्यांनी तपासले. ३.८ टक्क्यांत प्रतिमांची संशयास्पद पुनरावृत्ती सापडली. त्यातल्या निदान निम्म्यांत मुद्दाम फेरफार केल्यासारख्या खुणा होत्या. उरलेल्या? फाइलींचा गोंधळ असू शकतो. आकृतीचा आराखडा करताना 'सध्या हे लावून ठेवू' म्हणून टाकलेला फोटो तसाच राहतो, नाहीतर एका फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल२', 'फायनलखरा' अशा फाइली असतात.

शंका आली तर बघायचं काय? पट्टा नव्हे, पट्ट्यामागची पार्श्वभूमी. दोन पट्टे एकसारखे दिसू शकतात. पण धुळीचा कण, ओरखडा, मेम्ब्रेनवरचा डाग हे दोन ठिकाणी त्याच जागी, त्याच आकारात येत नाहीत. प्रतिमा उलट्या रंगात घ्या, कॉन्ट्रास्ट खूप वाढवा. मग एक तुकडा आडवा आरशासारखा फिरवा, १८० अंशांत वळवा. पेशींच्या फोटोंत दोन चौकटींच्या कडा एकमेकींवर येतात का ते पाहा. एकाच स्लाइडचे दोन भाग दोन वेगळ्या 'उपचारां'खाली लावलेले असले तर कडेला तीच पेशी अर्धी-अर्धी सापडते.

मात्र एक इशारा. पीडीएफमधल्या प्रतिमा जेपेगने दाबलेल्या असतात आणि जेपेग ८ बाय ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत काम करतो. कॉन्ट्रास्ट वाढवला की पट्ट्याभोवती चौकोनी कडा दिसू लागते आणि नवख्याला वाटतं, कापून चिकटवलं! त्या कडा ठोकळ्यांच्या जाळीवर नेमक्या बसत असतील तर तो बहुधा संकोचनाचा दोष. जर्नलच्या साइटवरून मूळ मोठी आकृती उतरवा, मग बोला.

लेखकांसाठी: यंत्रातून निघालेली मूळ फाइल, न कापलेला ब्लॉट आणि कोणती फाइल कोणत्या आकृतीत गेली याचा साधा तक्ता, एवढं पेपर पाठवतानाच एका जागी ठेवा. तक्रार येते तेव्हा पेपर लिहिणारा विद्यार्थी कधीच निघून गेलेला असतो.

---

दशांश_चिन्ह

आकड्यांचंही असंच. मूळ डेटा हातात नसतानाही काही तपासण्या करता येतात.

सगळ्यात सोपी 'ग्रिम' चाचणी. उत्तरं पूर्णांकांत असतील (उदा. १ ते ७ मापपट्टीवरचा एक प्रश्न), तर सरासरी म्हणजे पूर्णांक बेरीज भागिले माणसं. समजा २४ जण आहेत आणि सरासरी ३.४७ छापली आहे. ३.४७ गुणिले २४ म्हणजे ८३.२८. बेरीज ८३ असेल तर सरासरी ३.४६, ८४ असेल तर ३.५०. ३.४७ येऊच शकत नाही. याचा अर्थ लबाडीच असा नाही. पाच जणांनी तो प्रश्न सोडला असेल आणि खरी संख्या १९ असेल (६६ भागिले १९ म्हणजे ३.४७), किंवा मापपट्टी अनेक प्रश्नांच्या सरासरीची असेल. शिवाय दोन दशांश स्थळं दिली असतील तर शंभराच्या वर माणसं गेली की चाचणी बोथट होते, कारण मग जवळपास कोणतीही सरासरी शक्य असते.

दुसरी तपासणी यादृच्छिक वैद्यकीय चाचण्यांसाठी. पहिल्या तक्त्यात दोन्ही गटांचं वय, वजन, रक्तदाब वगैरे असतं. गट खरंच चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले असतील तर त्यांच्यातल्या फरकांची पी मूल्यं (एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) ० ते १ मध्ये साधारण सारखी पसरायला हवीत. सगळीच ०.९ च्या वर असली तर गट संशय यावा इतके जुळे आहेत. जॉन कार्लाइल यांनी २०१२ मध्ये योशिताका फुजी या भूलतज्ज्ञाच्या १६८ चाचण्यांवर या जातीचं विश्लेषण केलं आणि वितरणं योगायोगाने येण्यापलीकडची निघाली. पुढे फुजींचे १७० हून अधिक पेपर मागे गेले. खबरदारी अशी की उंची आणि वजन एकमेकांशी बांधलेले असतात, आकडे गोळाबेरीज करून छापलेले असतात, म्हणून एकाच पेपरच्या एका तक्त्यावरून निकाल देऊ नये.

आणि आलेखांतला गोंगाट, म्हणजे मोजमापात आपोआप येणारे बारीक चढउतार! बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या यान हेंड्रिक श्यून यांचं प्रकरण २००२ मध्ये फुटलं ते वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत तंतोतंत तोच गोंगाट दिसला म्हणून. मोजमाप दोनदा तेच येऊ शकतं, गोंगाट नाही.

---

नवा_पाहुणा

एक शंका. सहलेखक म्हणून नुसतं नाव असेल, प्रयोगांत हात नसेल, तर माणूस यातून सुटतो का?

---

समासटीप

नाही. आणि तसं नाव मुळात असायलाच नको होतं.

वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे (आयसीएमजेई) निकष चार, आणि चारही पूर्ण व्हावे लागतात: कल्पना, आराखडा, डेटा किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात बौद्धिक भर घालणारी दुरुस्ती, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाच्या सचोटीबद्दल उत्तरदायित्व. चौथा निकष २०१३ मध्ये आला तो 'माझा भाग तेवढा नव्हता' या सबबीला उत्तर म्हणूनच. फक्त निधी आणणं, विभागप्रमुख असणं, नमुने पुरवणं, भाषा सुधारणं याला आभारात जागा आहे, आणि आभारात नाव घालण्याआधीही त्या व्यक्तीची लेखी संमती घेतलेली बरी.

उलट बाजूही धरा. ज्याने पहिला निकष पूर्ण केला आहे त्याला मसुदाच न दाखवता 'दुसरा निकष पूर्ण नाही' म्हणून वगळणं हाही गैरवापरच.

कोणी काय काम केलं ते नोंदवणाऱ्या क्रेडिट पद्धतीत १४ भूमिका आहेत. त्या पेपर लिहून झाल्यावर शेवटच्या दिवशी भरू नका. काम सुरू होतानाच कोण काय करणार ते लिहा आणि काम बदललं की यादी बदला. तंटे बहुतेक क्रमावरून होतात, आणि क्रमाला सगळीकडे चालेल असा नियम नाही. गणितात आडनावांप्रमाणे, जीवशास्त्रात शेवटचं नाव प्रमुखाचं. ठरलंय काय ते ईमेलवर असू द्या.

पाठवल्यानंतर नाव वाढवायचं किंवा काढायचं तर संपादक कारण आणि सगळ्यांच्या सह्या मागतो, ज्याचं नाव निघतंय त्याचीसुद्धा. स्वीकृतीच्या तोंडावर दोन-तीन अनोळखी नावं, वेगळ्याच देशांतली, वेगळ्याच विषयांतली, आली की संपादकाचे कान टवकारतात. लेखकपदं विकणारे कारखाने असंच करतात.

---

खिळेजुळारी

कारखान्यांचा विषय निघालाच आहे तर बनावट समीक्षेबद्दल.

युक्ती साधी होती. पेपर पाठवताना 'हे समीक्षक सुचवतो' या रकान्यात खऱ्या शास्त्रज्ञाचं नाव आणि स्वतः उघडलेला ईमेल पत्ता. समीक्षा आपोआप लेखकाकडेच येते. २०१४ मध्ये सेज या प्रकाशकाने एकाच जर्नलमधले ६० पेपर यामुळे मागे घेतले, २०१५ मध्ये स्प्रिंगरने ६४, आणि २०१७ मध्ये ट्यूमर बायॉलॉजी या एकाच जर्नलचे १०७. मग मोर्चा विशेषांकांकडे वळला, कारण तिथे पाहुणा संपादकच आपल्यातला असला की काम फत्ते. वायली या प्रकाशकाच्या मालकीच्या हिंदावीने २०२३ या एका वर्षात ८,००० च्या वर पेपर मागे घेतले. पुढे वायलीने ते नावच बंद केलं.

संपादकांनी करायचं ते: सुचवलेल्यांपैकी फार तर एक घ्यायचा. पत्ता संस्थेच्या पानावरून किंवा त्या व्यक्तीच्या जुन्या पेपरवरून स्वतः शोधायचा, फॉर्ममधला वापरायचा नाही. ऑर्किड या संशोधकांच्या ऑनलाइन ओळखनोंदणीवर नोंद आहे म्हणजे माणूस खरा, असंही नाही, कारण ती कोणालाही उघडता येते. तिच्यावर संस्थेने स्वतः नोंदवलेली माहिती आहे का ते बघा. तिन्ही समीक्षा २४ तासांत, तिन्ही गोड आणि तिन्हींत व्याकरणाची तीच चूक? थांबा.

मजकुरातही खुणा असतात. चौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चुकवण्यासाठी शब्द आपोआप बदलले की 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' होतं आणि 'बिग डेटा'चं 'कोलॉसल इन्फर्मेशन'. २०२१ मध्ये गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी अशा वाक्प्रयोगांची यादी करून छापील पेपर चाळायला सुरुवात केली. असे पेपर 'समीक्षा झालेले' म्हणून छापले गेले होते. म्हणजे ते कोणीही वाचले नव्हते, दुसरा अर्थ मला तरी लावता येत नाही.

---

नवा_पाहुणा

सॉफ्टवेअर किती टक्के साम्य दाखवेपर्यंत चालतं? १५? २०?

---

खिळेजुळारी

असा आकडा नसतो, आणि जिथे ठरवलाय तिथे चुकीचा ठरवलाय. ते सॉफ्टवेअर चौर्य मोजत नाही, मजकुराचं साम्य मोजतं. संदर्भसूची आणि अवतरणं वगळल्यावरही २८ टक्के येऊ शकतात, आणि त्यात पद्धतीच्या भागातली ठरीव वाक्यं, संस्थांची नावं, नैतिक परवानगीचा मसुदा एवढंच निघतं. दुसरीकडे एकूण ६ टक्के, पण त्यातले ५ टक्के एकाच स्रोताचे आणि चर्चेच्या भागातले. दुसरा प्रकार गंभीर. म्हणून एकूण बेरीज नव्हे, एकेका स्रोताचा वाटा आणि तो कुठल्या भागात आहे ते पाहायचं. दुसऱ्या भाषेतून उतरवलेलं, चोरलेली आकृती, चोरलेली कल्पना, यातलं काही त्या टक्क्यांत नीट येत नाही.

---

दशांश_चिन्ह

स्वतःचंच काम दोनदा छापण्याला लोक किरकोळ समजतात, म्हणून एक भर. १९९७ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये ऑनडॅन्सेट्रॉन या उलटीवरच्या औषधाच्या चाचण्यांचा अभ्यास आला होता. तेच रुग्ण वेगवेगळ्या पेपरांत, परस्पर उल्लेख न करता, पुन्हा छापले गेले होते. ते वेगळे रुग्ण समजून एकत्रित विश्लेषण केलं तर औषधाची परिणामकारकता २३ टक्क्यांनी फुगत होती. एकाच अभ्यासातून दोन पेपर काढणं गुन्हा नाही. दुसऱ्यात पहिल्याचा उल्लेख न करणं आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक न देणं हा आहे. तो क्रमांक दोन्हींत असला की विश्लेषण करणाऱ्याला लगेच कळतं, रुग्ण तेच आहेत.

---

उलटतपासणी

समासटीप, मांडणी पटली, एक मुद्दा सोडून. 'जर्नल चौकशी करत नाही' ही प्रकाशकांची आवडती पळवाट आहे. पेपर छापून पैसे घ्यायचे, श्रेय घ्यायचं, आणि गडबड निघाली की 'संस्थेला कळवलंय' म्हणून हात झटकायचे. संस्था म्हणते तो आमचा नावाजलेला प्राध्यापक. तीन वर्षं जातात, तोवर पेपर उद्धृत होत राहतो. मूळ डेटा मागणं ही चौकशी नव्हे, साधी मागणी आहे. ३० दिवसांत द्या, नाही दिला तर चिंतेची सूचना लागेल, असं प्रत्येक जर्नलने आधीच लिहून ठेवावं.

---

समासटीप

मान्य. संस्था चौकशी करत नसेल तर जर्नलने थांबून राहावं असं कोपही म्हणत नाही. निष्कर्ष अविश्वसनीय असल्याचा पुरावा समोर असेल तर संस्थेच्या अहवालाविना माघार घेता येते. सर्जिस्फिअरमध्ये तेच झालं. अडतं ते बहुतेक वेळा दोषारोपाच्या भाषेवर. सूचनेत 'लेखकाने डेटा रचला' लिहायचं तर अब्रुनुकसानीची भीती. 'आकृती ३ मधल्या दोन चौकटी एकच आहेत आणि लेखकांना मूळ प्रतिमा देता आल्या नाहीत' एवढंच लिहिलं तर ते तथ्य आहे, आणि वाचकाला पुरेसं आहे.

उद्धृत होत राहण्याबद्दल: मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ मध्ये डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने विकत घेतला आणि तो सर्वांना खुला आहे. संदर्भ जपून ठेवायचं झोटेरो हे सॉफ्टवेअर २०१९ पासून तुमच्या संग्रहातल्या मागे घेतलेल्या पेपरवर लाल पट्टी दाखवतं. पेपर पाठवायच्या दिवशी संदर्भसूची एकदा त्यातून काढा, मसुदा लिहिताना तपासली होती म्हणून सोडू नका.

---

करडा_पट्टा

एआयबद्दल कोणी विचारायच्या आत: तो लेखक होऊ शकत नाही, कारण उत्तरदायित्व घेऊ शकत नाही. कोप आणि आयसीएमजेई दोघांचीही २०२३ पासून हीच भूमिका. वापरला असेल तर कुठे आणि कशासाठी ते लिहा. समीक्षकांनी दुसऱ्याचं अप्रकाशित हस्तलिखित अशा साधनात टाकणं म्हणजे गोपनीयतेचा भंग, मग हेतू कितीही चांगला असो. आणि संदर्भ एकेक उघडून बघा, ही साधनं अस्तित्वात नसलेले पेपरही डीओआयसकट देतात.

---

नवा_पाहुणा

शेवटचा प्रश्न. वाचताना एखाद्या छापील पेपरमध्ये अशी आकृती दिसली तर कळवायचं कसं?

---

उलटतपासणी

संपादकाला पत्र, आणि ते कंटाळवाणं असावं. विषयात पेपरचा डीओआय. मग कोणती आकृती, कोणत्या चौकटी, काय दिसतं: 'आकृती २ब मधली लेन ३ आणि आकृती ५अ मधली लेन १ आडवी फिरवल्यावर जुळतात, वेगळे नमुने असल्याचं आकृतीखाली म्हटलं आहे.' जुळणाऱ्या जागांवर चौकोन काढून प्रतिमा जोडा. 'घोटाळा', 'फसवणूक' हे शब्द नकोत, हेतूबद्दल अवाक्षर नको. शेवटी 'मूळ प्रतिमा मागवाव्यात' एवढी विनंती. तुमचा लेखकांशी काही संबंध किंवा स्पर्धा असेल तर तीही सांगा. ती नंतर बाहेर आली तर तक्रारच कुचकामी ठरते.

नाव द्यायचं नसेल तरी चालतं. निनावी तक्रारही पुराव्याच्या बळावर हाताळावी, हे कोपचं धोरण आहे. पबपिअर या छापील पेपरांवर चर्चा करायच्या साइटवर जाहीरपणे लिहिता येतं, मात्र तिथेही ज्याला दुसरा कोणी तपासू शकेल तेवढंच.

पोच आली नाही तर महिन्याने स्मरणपत्र, मग मुख्य संपादक, मग प्रकाशकाचा सचोटी विभाग. सगळी पत्रं जपून ठेवा, कारण कोपकडे जायचं झालं तर आधी जर्नलची स्वतःची तक्रार प्रक्रिया संपवल्याचं दाखवावं लागतं. आणि जर्नल किंवा प्रकाशक कोपचा सदस्य असेल तरच. कोप पेपर खरा की खोटा हे सांगणार नाही. संपादकाने ठरलेली प्रक्रिया पाळली का, तेवढंच पाहील.